थंड नळीतली पहिली गोळी

३ ऑक्टोबर

दोन दिवसांत येतो, असं बायकोला सांगून निघालो. मनातला अंदाज दीड दिवसाचाच होता. रायफल नेम चुकवते अशी तक्रार आली की बहुतेक वेळा कुठलातरी स्क्रू ढिला निघतो, आणि स्क्रू ढिला नसला तर मालक ढिला निघतो. दोन्हींवरचं औषध माझ्या पेटीत आहे.

जीपवाल्याने संध्याकाळी दारात सोडलं आणि चहासुद्धा न घेता परत फिरला. घर डोंगराला चिकटवल्यासारखं आहे. पुढे दरी, मागे कडा. मला दिलेल्या खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर बोटं खडकाला लागतात. एवढा डोंगर पडलेला असताना खिडकी नेमकी तिथेच का काढली, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक.

घरात दोघंच. म्हातारा एके काळचा नावाजलेला नेमबाज. त्याची मुलगी नर्स आहे. खालच्या दोन खोल्यांत तिचा दवाखाना, आणि सगळ्या खोऱ्याची ती नर्सताई. दुकानात येऊन मला ठरवून गेली ती हीच. म्हातारा ताडमाड, लांब हातांचा. त्याच्यासमोर उभा राहिलो तर मी त्याच्या कोटाच्या दुसऱ्या बटणापाशी संपतो. बोलताना तो माझ्याकडे बघत नाही. माझ्या कानापलीकडच्या भिंतीकडे बघतो. मोठ्या लोकांची तऱ्हा, दुसरं काय!

"मिस्त्री, किती दिवस लागतील?"

"उद्या बघतो, परवा निघतो, साहेब."

"बघू," तो भिंतीला म्हणाला.

भानगड एका अस्वलाची आहे. वसंतात ते खालच्या मधाच्या पेट्या फोडत होतं, म्हणून म्हाताऱ्याने त्याच्यावर गोळी झाडली. गोळी जबड्याला लागली, अस्वल पळालं आणि जगलं. आता त्याला धड चावता येत नाही, म्हणून मऊ काहीतरी शोधत ते घरांपाशी येतं. गेल्या महिन्यात पाणवठ्यावर एका मेंढपाळाची बायको त्याच्या वाटेत आली. ती अजून खाली दवाखान्यात आहे, निम्मा चेहरा पट्ट्यांत. वनखात्याने अस्वल मारायची परवानगी दिली आहे, मारायला माणूस मात्र दिलेला नाही. म्हणून ही रायफल सरळ करायची.

४ ऑक्टोबर

सकाळी घराच्या पुढच्या कठड्यावरून पहिली चाचणी. दरीपलीकडच्या उतारावर फळी, तिच्यावर कागद. म्हातारा म्हणाला, "आधी मी." उभ्यानेच रायफल खांद्याला लावली. इतकी देखणी ढब मी कुणाचीच पाहिलेली नाही. गोळी सुटली, आणि फळीच्या खूप वर, खडकावर धूळ उडाली.

"बघितलंस? रायफल गेली," तो म्हणाला. नर्सताई दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मग मी वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून पाच गोळ्या झाडल्या. पुंजका कसला, पाच पाहुणे पाच गावांना गेलेले. म्हणजे दोष खरोखरच आहे. दस्ता उघडला. दमटपणाने लाकूड फुगून नळीला एका बाजूने दाबतंय, पुढचा स्क्रू बोटाने फिरतोय, आणि नळीच्या तोंडाशी, गोळी बाहेर पडते त्याच कडेला, बारीक खाच. शेवटच्या क्षणी गोळीला कुणी कोपरखळी मारावी तसं ते. तिन्ही दुखणी एका दिवसाची.

दुपारपासून पाऊस कोसळतोय. आत्ता दिवे लावायच्या सुमाराला खाली कुठेतरी मोठा आवाज झाला, ट्रकमधून दगड ओतल्यासारखा, आणि तो बराच वेळ थांबेना.

५ ऑक्टोबर

रस्ता गेला. डोंगराचा एक अख्खा तुकडा खाली आला आहे. फोनही बंद. "आठ-दहा दिवस धरा," नर्सताई म्हणाली, जसं काही बस उशिरा येणार आहे.

बायको काय समजेल? दुकान बंद कर आणि कुलपांच्या कारखान्यात नोकरी धर, असा तिचा लकडा आहे. आता तिला आयतंच कारण मिळालं.

वैताग कामावर काढला. दस्त्याचं लाकूड आतून खरवडलं, इतकं की नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरसर जाते. नळी लाकडात बसते ती बसकण लांबी भरून नव्याने पक्की केली, स्क्रू एकसारखे आवळले, नळीचं तोंड घासून कड कोरी केली, आतल्या आट्यांमध्ये वर्षानुवर्षं बसलेला तांब्याचा थर काढला. काळपट हिरवं पाणी निघालं.

६ ऑक्टोबर

भरलेली लांबी वाळल्यावर पाच गोळ्या झाडल्या. पाचही एका बाटलीच्या बुचाखाली झाकतील अशा! कागद घेऊन धावत आलो. म्हाताऱ्याने तो नाकाशी तिरका धरला, मग खाली ठेवून अंगठ्याने एकेक भोक चाचपलं. डोळ्यांनी बघेल तर शपथ. मेहनतीचं कौतुक करायचं म्हटलं की यांचे हात चालतात, तोंड चालत नाही.

"तुझी पहिली गोळी कुठली?"

"आता ते कसं सांगू, साहेब?"

"मग हा कागद चुलीत घाल. नळी तापली की कुठलीही रायफल शहाणी होते. अस्वल काय चार गोळ्या होईपर्यंत थांबणार आहे? थंड नळीतली पहिली गोळी कुठे जाते, तेवढं मला सांग."

"ते कसं सांगायचं?"

"रोज सकाळी एक गोळी. एकच. नवा कागद लाव, आणि रोज तोच ठेवायचा."

दिवसाला एक गोळी! म्हणजे मी इथे किती दिवस? तसाही रस्ता नाही म्हणा. पण रस्ता नसल्यामुळे अडकणं वेगळं आणि दुसऱ्याने मापून अडकवणं वेगळं. मी हो म्हणालो. का म्हणालो, कळत नाही. बहुतेक त्याचं म्हणणं बरोबर होतं म्हणून.

८ ऑक्टोबर

म्हाताऱ्याला नवी हुक्की आली. दस्ता अर्धा इंच कमी कर.

मी म्हटलं, "साहेब, तुमचे हात बघा. तुम्हाला उलट अर्धा इंच वाढवायला हवा."

"थंडीत मी जाड कोट घालतो. दस्ता लांब पडतो. काप."

मालकाची वस्तू. कापला, मागचं रबर पुन्हा बसवलं. जीवावर आलं, चांगलं अक्रोडाचं लाकूड होतं. पडताळायला खांद्याला लावून पाहिली तर मला छान बसली. म्हटलं, म्हाताऱ्याला ती लहान मुलाच्या खुर्चीसारखी होणार. पण त्याने खांद्याला लावून बघितलीच नाही. "ठीक असेल," म्हणाला आणि टेकाडावर फिरायला गेला. काठी टेकत, पायवाटेच्या अगदी मधून.

सकाळची गोळी डावीकडे दोन बोटं.

९ ऑक्टोबर

आज म्हाताऱ्याने वाळूच्या पिशवीखालचं टेबल काढून घेतलं. "रायफल टेबलावर बसून शिकारीला जात नाही." मग गुडघा टेकून, झाडाला पाठ लावून, उताराला पालथं पडून नुसताच नेम धरायचा सराव. गोळी नाही. रिकामा चाप ओढायचा, पुन्हा बोल्ट मागे, पुन्हा चाप. म्हातारा शेजारी बसून फक्त ऐकतो.

"श्वास सोडून अर्ध्यावर थांब. तू पूर्ण सोडतोस, मग तुझं बोट घाई करतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकू येतं."

मी म्हटलं, साहेब, मी दुरुस्ती करणारा माणूस. रायफल नीट आहे की नाही एवढंच मला बघायचं, मी नीट आहे की नाही याच्याशी तुम्हाला काय करायचंय? तो म्हणाला, "तुझा हात हलला तर रायफलचा दोष मला कसा समजेल?" मी पुन्हा गुडघा टेकला. गुडघे सोलवटलेत. नर्सताईने औषध लावलं आणि "सॉरी" म्हणाली. गुडघे माझे, चूक बापाची, सॉरी हिचं.

१० ऑक्टोबर

पळून जायचा प्रयत्न केला. सरळ लिहितो, कुणाला दाखवायचं थोडंच आहे!

चहा झाल्यावर पेटी न घेताच निघालो, म्हणजे फिरायला चाललोय असं वाटावं. दरडीपर्यंत पोचलो. रस्ता जिथे होता तिथे ओली माती आणि उलटी झाडं, मुळं आभाळाकडे. पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत. दुसरा ठेवला तर वरून खडे सुटायला लागले. तिथेच उभा राहिलो, पुढे नाही आणि मागे नाही, आणि मला चक्क रडू आलं. चाळिशीतला माणूस!

मागून कुणीतरी कॉलर धरून ओढलं. तोच मेंढपाळ. बायकोला भेटायला वर चालला होता. मला दगडावर बसवून त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडीचना.

"तुम्ही आलात, फार बरं झालं. तुमचा हात चांगला आहे म्हणे."

"हो, दुरुस्तीत कुणी नाव ठेवत नाही," मी म्हटलं.

तो थोडा गोंधळला. मग हसला आणि माझ्या बुटांची माती गवताने पुसायला लागला. मला लाज वाटली. भोळा माणूस आहे. एका मिस्त्रीचं एवढं काय!

१२ ऑक्टोबर

म्हाताऱ्याच्या तक्रारी संपत नाहीत. मान दुखते म्हणून दस्त्यावर गालासाठी चामड्याची गादी. बोटात जोर नाही म्हणून चाप हलका. रायफलवरच्या दुर्बिणीचं भिंग "तुझ्या डोळ्याला स्पष्ट दिसेल असं लाव, माझ्या चष्म्याचं मी बघतो." चष्मा तो वापरतच नाही! सगळं केलं. रायफल आता अशी झालीय की उचलली की आपोआप गालाला येते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि ते अशा माणसासाठी, ज्याने त्याच्याकडे एकदासुद्धा नीट बघितलं नाही.

दुपारी दवाखान्यात गेलो होतो. नर्सताई मेंढपाळाच्या बायकोच्या पट्ट्या बदलत होती. मी तोंड फिरवणार, तेवढ्यात ती बाईच म्हणाली, "बघा की. मलाही अजून आरसा दिलेला नाही. तुम्हीच सांगा कसं दिसतंय."

मी पाहिलं. "टाके सरळ पडलेत," म्हणालो. ती हसायला गेली आणि दुखलं म्हणून थांबली.

"मला त्याचा राग येत नाही," ती म्हणाली. "ते माझ्या अंगावर आलं तेव्हा त्याच्या तोंडाचा वास आला. सडलेलं आहे आतून. ते स्वतःच वेडं झालंय दुखण्याने."

बाहेर आल्यावर नर्सताईने विचारलं, "बाबांनी तुम्हाला काही सांगितलं का?"

"कशाबद्दल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चहा टाकते."

या घरात प्रत्येक गोष्ट चहापाशी येऊन थांबते.

१४ ऑक्टोबर

कागदावर आता रोजच्या एकेक गोळीची भोकं जमली आहेत. सुरुवातीचं एक डावीकडचं सोडलं, तर बाकीची काडेपेटीत मावतील. तीही बहुतेक टेबलावरून नाही, गुडघ्यावरून. म्हाताऱ्याने अंगठा फिरवला. या वेळी तो खूप वेळ फिरवत राहिला.

"झालं," तो म्हणाला.

एवढंच. पण मला इतका आनंद झाला की रात्रीच्या जेवणात दोनदा बटाटे घेतले.

दुपारी तो मला ओढ्यापर्यंत घेऊन गेला. रायफल माझ्या खांद्यावर, "तुला वजनाची सवय हवी" म्हणून. सवय कशाला? दुकानापर्यंत न्यायची आहे का? चिखलात पाऊल उमटलेलं होतं, माझ्या दोन पंजांएवढं. त्याने मलाच वाकून वर्णन करायला लावलं. कडा धारदार आहेत की ढासळल्यात, आत पाणी आहे का. मी सांगितलं. "कालचं," तो म्हणाला. मग ओढ्याच्या अलीकडचा एक आडवा ओंडका काठीने ठोकून दाखवला. "इथून अंतर बरं पडतं. वारा खालून वर येतो, त्याला वास जात नाही."

मी मान हलवली. माझ्या मानेचं त्याला काय दिसलं कोण जाणे, तो भलतीकडेच बघत होता.

१५ ऑक्टोबर

रस्ता चालण्यापुरता मोकळा झाला! दरडीवर फळ्या टाकल्यात, आणि पलीकडे उद्या जीप येणार आहे. मी उड्या मारतच पेटी भरली. मग रायफल पुसून, तेलाचा शेवटचा हात देऊन म्हाताऱ्यासमोर धरली.

"घ्या साहेब, तुमची अमानत."

"ठेव तिथे."

"एकदा खांद्याला लावून बघा. नंतर म्हणाल मिस्त्रीने नीट दिली नाही."

त्याने घेतली. आणि लावली.

एवढा उंच माणूस त्या दस्त्यामागे असा कोंबला गेला, जसा कुणी पोराच्या कपड्यांत शिरतो. कोपर बरगडीत रुतलं. गादीमुळे गाल वर अडकला, डोळा दुर्बिणीच्या वर गेला. त्याने मान वाकडी केली, पाठ वाकवली, पण डोळा काही खाली येईना. भिंतीवरच्या घड्याळाकडे म्हणून धरलेली नळी खिडकीकडे रोखलेली होती. त्याला ते कळलंही नाही.

मी हळूच त्याच्या नाकासमोर हात हलवला. त्याची नजर हलली नाही. मग तो थोडा बाजूला बघायला लागला आणि म्हणाला, "हात खाली घे. कडेने दिसतं मला. मधोमध काही नाही. दोन वर्षं झाली."

मी खुर्चीवर बसलो. दस्ता माझ्या हाताचा. गादी माझ्या गालाची. चाप माझ्या बोटाचा, भिंग माझ्या डोळ्याचं. मेंढपाळाला ठाऊक होतं, खोऱ्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कापून, घासून, चिकटवून, माझ्याच हातांनी मी मला अडकवलं होतं, आणि रोज संध्याकाळी कामाचं समाधान मानून झोपत होतो.

"तुम्ही मला फसवलंत," मी म्हणालो.

"हो."

"विचारलं असतं तर?"

"तू आला असतास?"

"नाही!"

"म्हणून."

मी ओरडलो. मी कागदावर गोळ्या मारणारा माणूस आहे, आयुष्यात उंदीर मारलेला नाही, बायको पिंजरा लावते तर तो दूर नेऊन सोडतो मी. तुमची गोळी चुकली ती तुम्ही निस्तरा. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "निस्तरता आली असती तर तुझ्यासारख्या तोंडाळ माणसाला दोन आठवडे घरात ठेवलं असतं का?"

दार आपटून खोलीत आलो. समोर खडक.

१६ ऑक्टोबर

सकाळी पेटी घेऊन निघालो. नर्सताई फाटकापर्यंत आली.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "खरंच जा. तुम्हाला न सांगता आणलं ही माझीही चूक. मी रोज ठरवायची की आज सांगते."

"मग अस्वलाचं काय?"

"मी जाईन. बाबांनी शिकवलंय मला लहानपणी. समोर ठेवलेला डबासुद्धा लागत नाही माझ्याकडून, पण जवळ जाऊन मारेन."

"जवळ म्हणजे?"

"लागेल इतकं जवळ."

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की मी पेटी खाली ठेवली. तिच्या हातात ती रायफल डोळ्यांसमोर आली. तिची उंची बापाची, दस्ता माझा. ती गोळी कुठे जाईल ते मला कागदावर काढून दाखवता आलं असतं. जबड्यात गेली तशी पोटात जाईल, पायात जाईल. आणि ते पुन्हा जगेल. नाहीतर तिच्यावर येईल.

मी शूर नाही. हे या वहीत तरी स्पष्ट असू दे. मला फक्त ते सहन झालं नाही. इतकी नेमकी वस्तू, आणि ती चुकणार.

"जीपवाल्याला सांगा, आज नको," मी म्हणालो. ती तिथेच फाटकाला धरून रडायला लागली. काय करावं न कळून मी म्हटलं, "चहा टाकता का?" तर रडता रडता हसली.

संध्याकाळी ओंडक्यामागे बसलो, मी आणि म्हातारा. अस्वल आलं नाही. परत येताना मी मुळाला अडखळलो, तर त्यानेच मला आधार दिला. वाट दाखवणारा मी, सावरणारा तो.

१७ ऑक्टोबर

पहाटे उजाडता उजाडता आलं.

आधी आवाज आला, दमेकऱ्यासारखा. मग झाडीतून ते स्वतः. मला वाटलं होतं राक्षस असेल. कातडी अंगावर लोंबत होती, दुसऱ्याचा कोट घातल्यासारखी. दुर्बिणीत जबडा दिसला. एका बाजूने खाली सुटलेला.

म्हातारा माझ्या कानाशी कुजबुजला, "आडवं आहे का?"

"नाही. समोर तोंड."

"मग थांब."

ते पाण्यापाशी वळलं. "आता आडवं आहे."

"पुढच्या पायाच्या मागे. तुला जेव्हा वाटेल तेव्हा."

बोट चापावर होतं. मी थांबलो. खूप वेळ थांबलो. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, आणि त्यालाही माझा ऐकू येत असणार. का थांबलो ते आज लिहवत नाही.

मग श्वास अर्ध्यावर थांबवला आणि ओढला. धक्का लागलाच नाही असं वाटलं. अस्वल जागच्या जागी खाली बसलं, मग एका कुशीवर झालं.

"लागली?"

"लागली."

"हलतंय?"

"नाही."

तरी त्याने मला बराच वेळ दुर्बिणीतून बघत ठेवलं. मग आम्ही पाणी ओलांडून गेलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो आला, अस्वलापाशी गुडघ्यावर बसला. हाताने चाचपत डोकं शोधलं, मग जबडा. तिथे बोटं थांबली. हाड वेडंवाकडं जुळलेलं, आत पू. त्याने हात काढला नाही. नर्सताई मागून धावत आली होती, ती पाच पावलांवर उभी राहिली. थोड्या वेळाने त्याने ओढ्यात हात धुतले. धुवून झाल्यावरही धूतच होता, तेव्हा तिने त्याला उठवलं.

मी रायफल रिकामी केली.

१९ ऑक्टोबर

आज निघालो. एकटा नाही. नर्सताईने घराला कुलूप लावलं. मेंढपाळाच्या बायकोला शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यायचं आहे, आणि म्हाताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दोन वर्षं तो नाही म्हणत होता. काल जेवताना स्वतःच म्हणाला, "माझं काय करायचं ते करा." डॉक्टर काही करू शकतील असं नर्सताईला वाटत नाही. तरी जायचं.

रायफल तो मला देत होता. मी म्हटलं, घरी ठेवायला जागा नाही. जागा आहे.

दरड आम्ही फळ्यांवरून ओलांडली. मेंढपाळ बायकोला पाठीवर घेऊन पुढे, मग नर्सताई, मग मी, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हातारा. मी सांगत होतो, इथे पाय उचला, इथे डावीकडे खोल आहे. जीपमध्ये त्याला पुढे बसवलं, मी मागून सीटच्या मधून वाकलो, कारण दर वळणाला तो विचारत होता, आता काय आलं, आता काय आलं. मी सांगत होतो. धबधबा. पडका पूल. गुरं.

घाट अर्धा उतरलो तेव्हा तो म्हणाला, "मिस्त्री, एक सांग. नेम बसला होता. श्वासावरून कळलं मला. मग इतका वेळ का घालवलास?"

मागच्या सीटवर मेंढपाळाची बायको नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून पडली होती. तिने डोळे उघडले.

"ते पाणी पीत होतं, साहेब," मी म्हणालो. "जबड्यातून सगळं गळून जायचं. मग डोकं कलतं करून, चांगल्या बाजूने थोडं थोडं आत घ्यायचं. फार वेळ लागत होता त्याला. मी त्याचं पिऊन होऊ दिलं."

ड्रायव्हरने गियर बदलला. म्हातारा समोरच्या काचेकडे तोंड करून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे.

"झालं होतं पिऊन?" त्याने विचारलं.

"झालं होतं."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "पुढे काय आहे?"

"वळण," मी म्हणालो. "उजवीकडे. त्यानंतर रस्ता सरळ दिसतोय."